मागितलेला पहारा

माझ्यासमोर कुणी सुरेल गायलं तर मी मान डोलावतो आणि गप्प बसतो. कुणी बेसूर गायलं की मात्र माझे डोळे भरून येतात. नातवंडांना याची मोठी गंमत वाटते. आजोबांना गाण्यातलं काही कळत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं आहे. ठरवू देत. उभा जन्म भजनात टाळ कुटण्यात गेला, आता म्हातारपणी पोरांकडून सूर शिकायची हौस नाही. पण हे डोळे का भरतात ते एकदा लिहून ठेवावं, असं कधीचं मनात होतं. पोथी वाचण्यापुरतं अक्षर येतं, तेवढ्यावर जमेल तसं लिहितो.

आमचं गाव वलगावच्या अलीकडे, पेढी नदीच्या काठी. तांबडं फुटताना बैल जुंपले की दुपारच्या आत अमरावतीचा बाजार गाठतो. गावात विठोबाचं देऊळ आहे आणि देवळाची भजनी मंडळी आहे. माझ्या तरुणपणी तिच्यात बरीच माणसं होती, पण इथं तिघांची ओळख पुरे. पहिले बुवा. वीणा त्यांच्याकडे असायची आणि मंडळीत शब्दही त्यांचाच चालायचा. अंगानं काठीसारखे वाळलेले, आणि सोवळ्याओवळ्याचे इतके कडक की स्वतःच्या तांब्याखेरीज कुणाच्या हातचं पाणी पीत नसत. दुसरा मृदंगी. हा माझा लंगोटीयार. देवानं त्याच्या हातात जे घातलं त्याची वसुली गळ्यातून केली होती. मृदंगावर थाप पडली की अंगावर काटा यायचा, आणि तोंड उघडलं की पिंपळावरची पाखरं उडायची. मंडळीत त्याला गायची मनाई होती, आणि गायची हौसही त्यालाच सगळ्यात जास्त. तिसरा माळी. आमच्यात सर्वांत धाकटा, टाळ वाजवायचा आणि चार शब्दांचं काम एका शब्दात उरकायचा.

दर मार्गशीर्षात देवळात नामाचा सप्ताह बसे. तेवढे दिवस नाम खंडायचं नाही आणि वीणा जमिनीला टेकायची नाही. ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते, आणि ज्याच्या गळ्यात असते त्यानं बसायचं नाही. उभं राहायचं नाहीतर चालायचं, तोंडात रामकृष्णहरी. याला आम्ही पहारा म्हणतो. एकाचा पहारा संपला की दुसरा समोर येतो, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते आणि दोघं वाकून एकमेकांच्या पायाला हात लावतात. आणखी एक नियम होता, तो बुवा दर वर्षी पहिल्या दिवशी बजावून सांगत. कुणी समोर येऊन पहारा मागितला तर नाही म्हणायचं नाही. मागणारा कोण, कसा, हे पाहायचं नाही. एका वर्षी मृदंग्याचं ज्याच्याशी शेताच्या धुऱ्यावरून डोकं फुटेपर्यंत भांडण झालं होतं, तोच पठ्ठ्या नेमका त्याच्यासमोर पहारा मागत उभा राहिला. मृदंग्यानं दातओठ खात वीणा दिली, त्याचे पाय शिवले आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "देवानं बरोब्बर पकडलं लेका मले." बायका पहारा मागत नसत, त्यामुळे त्यांचं काय करायचं हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

ती कापसाची वर्षं होती. साता समुद्रापलीकडे कुणाची तरी लढाई जुंपली आणि इकडे आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. लोक सांगतात की तेव्हा वऱ्हाडातल्या गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा होत्या. असतील. मी पाहिल्या त्या लोखंडीच. चांदी काही दिसली नाही, धूळ मात्र पोटभर खाल्ली. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत गाडीला गाडी लागलेली, रस्त्यात गुडघाभर खोल चाकोऱ्या, आणि बाजूनं रेल्वेच्या कामाचे मातीचे ढिगारे. ज्याच्याकडे बैलजोडी तो घरी बसेना. देवळात टाळ खुंटीला लटकलेले आणि टाळ धरणारे हात सगळे कासऱ्यावर. त्या वर्षीचा सप्ताह आम्ही जेमतेम माणसांवर ओढून नेला, आणि काला झाल्यावर लगेच मंडळींच्या गाड्या अमरावतीच्या एका व्यापाऱ्याची रुई भरून खामगावच्या वाटेला लागल्या.

माझी बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिचं माहेर अकोल्याचं, म्हणजे गाड्यांच्या वाटेवरच. मृदंगी म्हणाला, "वयनीले आमच्यासंगच घे ना. एवढी सोबत मंग कुठं भेटन?" त्यानं आपल्या गाडीत रुईच्या बोजांवर घोंगडी अंथरली, वर कापड बांधून सावली केली. ती वर चढून बसली तेव्हा म्हणाला, "सारा मुलूख कापूस इकून राह्यला, अन् आमच्या वयनी त्याच्यावर बसून राह्यल्या." तिचंही तोंड काही कमी नव्हतं. तो गाडी हाकता हाकता गायला लागला की ती वरून म्हणायची, "भाऊजी, चाकाले वंगन द्या बरं. लय करकर करून राह्यलं." वंगण कालच दिलंय, असं तो भोळेपणानं सांगायचा, आणि मग सगळ्या गाड्यांवरची माणसं का हसतायत ते त्याच्या लक्षात यायचं.

बडनेऱ्याच्याही पुढे आम्ही असे हसत गेलो. एवढं हसायला नको होतं, दृष्ट लागली, असं मला नंतर फार दिवस वाटत होतं. आता वाटत नाही. हसून घेतलं ते बरं झालं.

मूर्तिजापूर अजून पुढे होतं. सकाळची वेळ. नाल्यातून गाडी वर चढताना मोठा धक्का बसला आणि तिनं वरून हाक मारली. "अवो," एवढंच म्हणाली, पण आवाज वेगळा होता. रस्त्याला लागून एक लहानसं गाव होतं. पहिल्याच घरापुढे एक म्हातारी सुपात सरकी पाखडत बसली होती. तिनं गाडीकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहिलं आणि सूप बाजूला ठेवून म्हणाली, "उतरवा पोरीले. पाह्यता काय उभे राहून?" आम्ही कोण, कुठले, हे तिनं त्या घटकेला विचारलं नाही आणि नंतरही विचारलं नाही.

दुपार कलायच्या आत मुलगी झाली. सुईणीनं ती दाराशी आणून दाखवली तेव्हा मला वाटलं, हे घरट्यातून पडलेलं पिल्लू आहे. रडत होती म्हणे, पण ते रडणं मला उंबऱ्याबाहेर ऐकू आलं नाही. "सातमाशी हाय म्हनून आशा," सुईण म्हणाली. "आठमाशी असती तर म्या हात झटकले असते." मग तिनं मला बाजूला घेतलं. बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं, अंगात ताप भरत होता, आणि दूध उतरायचं काही लक्षण नव्हतं. त्या एवढ्याशा गावात तेव्हा अंगावर पाजणारी एकही बाई नव्हती. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब द्यायचं, अंगाची ऊब तुटू द्यायची नाही, कानावर माणसाचा आवाज ठेवायचा, आणि गाडीत मुळीच घालायचं नाही. "एक धक्का बसला का गेली समजा," ती म्हणाली.

खाटेवरून बायको बोलली, "माह्या मायजवळ न्या तिले." अकोल्याला तिच्या भावजयीचं मूल तान्हं होतं. तिथं दूध होतं, चार बायका होत्या. पण बायकोला स्वतःला कुशीवर वळवणंही शक्य नव्हतं.

मी अंगणात आलो आणि मंडळींना जे तोंडाला आलं ते सांगितलं. बायकोपाशी थांबावं तर पोर हातची जाते. पोरीला घेऊन निघावं तर बायकोला परक्या घरात एकटं टाकायचं. माझी दोन माणसं दोन ठिकाणी आणि मी एक. मी बोलत होतो आणि बोलता बोलता अंगणातली माती पायाच्या अंगठ्यानं उकरत होतो. पुढे आयुष्यात पुष्कळ वाईट दिवस पाहिले, पण इतका असहाय मी कधी झालो नाही.

बुवा उठले. त्यांनी बाराबंदी काढून ठेवली. उपरण्याला गाठ मारून ते गळ्यात अडकवलं, अगदी वीणेचा पट्टा अडकवतात तसं. "आना इकडं," ते म्हणाले. "हिले खाली ठेवाचं नाई." घरात मूल जन्मलं की सोयर फिटेपर्यंत सख्ख्या नातवालाही अंगणातून पाहणारा हा माणूस. त्यानं न्हाऊ घातलेली ओली पोर उघड्या छातीशी घेतली. मृदंग्यानं आपल्या गाडीतला एक बोजा फाडून ओंजळी ओंजळी रुई काढली. माल व्यापाऱ्याचा होता, पण त्या वेळी ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. रुईत गुंडाळून, उपरण्यात बांधून, वरून घोंगडी घेतली तेव्हा बाहेरून नाकाचा शेंडाही दिसत नव्हता.

बुवा, मृदंगी आणि माळी यांनी पायी निघायचं ठरलं. बाकीच्यांनी गाड्या पुढे न्यायच्या. म्हातारीनं गोठ्यातून आपली दुभती शेळी सोडून दावं माळ्याच्या हातात दिलं. परत कधी आणाल, असंही म्हणाली नाही. मृदंगी माझ्याजवळ आला, एकदम हळू आवाजात म्हणाला, "सुईन म्हने आवाज पाह्यजे पोट्टीले. गाऊ का लेका?" जन्मात पहिल्यांदा मी त्याला हो म्हणालो. मग तीन माळकरी आणि एक शेळी रस्त्याच्या कडेनं चालू लागली. दिसेनाशी झाली तरी मृदंग्याचा आवाज येत होता. तोही थांबला, तेव्हा मी आत जाऊन खाटेशेजारी बसलो.

पुढचे दिवस मी तिथंच बसून काढले. करायचं ते सगळं म्हातारी करत होती. काढा तिनं द्यायचा, कपडे तिनं बदलायचे, कपाळावरची पट्टी भिजवायची तीही तिनंच, कारण माझ्या हातून पाणी सांडायचं. मला धडधाकट हातपाय होते आणि त्यांना काही काम नव्हतं. बायको तापात डोळे मिटून पडलेली असायची. डोळे उघडले की तिचा एकच प्रश्न.

"आता कोनाचा पहारा?"

मी दारातून उन्हाकडे पाहायचो आणि सांगायचो. "आता बुवांचा." थोड्या वेळानं पुन्हा विचारायची. "आता माळ्याचा," मी म्हणायचो. मला काय ठाऊक? ते कुठवर पोचले, पोरीनं बोळा चोखला की नाही, पोर आहे की वाटेतच कुठल्या झाडाखाली तिला मूठमाती देऊन ते तिघं माघारी फिरलेत, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. मी नुसत्या सावल्या पाहून पहारे लावत होतो. मृदंग्याचा पहारा म्हटलं की मात्र तापातसुद्धा तिच्या ओठांचा कोपरा हलायचा.

"गाऊन राह्यले असतीन," ती म्हणायची.

"असनच."

"पोरगी भेनार नाई. पोटात असतानीच आयकलं तिनं."

मग मला अशी सवय लागली की ती विचारेल तेव्हा शक्यतो मृदंग्याचाच पहारा असायचा. एकदा तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "बाकीचे काय झोपले का मंग?" तेव्हा आम्ही दोघंही हसलो. म्हातारी दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. असं दोन-तीनदा झालं. त्या घरात आम्ही हसलोही होतो हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

एका दुपारी तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "मृदंग्याचा." ती म्हणाली, "मंग ठीक हाय." ऊन उतरायच्या आत ती गेली.

परगावात माणूस गेलं तर खांदा कुणाचा मागायचा? माझी माणसं कुणी माझ्या पोरीला घेऊन, कुणी गाड्या घेऊन अकोल्याच्या वाटेवर. त्या गावातले धट्टेकट्टे गडीही कापसाच्या गाड्यांवर गेलेले. मी ओट्यावर बसून राहिलो. मला रडूही येत नव्हतं. तेवढ्यात गल्लीतून टाळांचा आवाज आला. त्या गावच्या मंडळीतले उरलेसुरले म्हातारे होते, गळ्यात माळा, कुणाच्या पायात वहाण आहे, कुणाच्या नाही. म्हातारीनंच निरोप दिला होता. त्यातला एक माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "माळकऱ्याची बायको म्हन्जे आमची लेक. उठा बाप्पा." त्यांनीच बांबू आणले, त्यांनीच बांधाबांध केली. मला एवढंच सांगितलं, कुठं उभं राहायचं ते.

त्यांच्या भजनाची चाल आमच्याहून वेगळी होती. कुणीतरी माझ्या हातात टाळ दिले. जन्मभराची सवय, पण हात हलेनात. तेव्हा एक म्हातारा माझ्या मागे आला, मागून त्यानं माझी दोन्ही मनगटं धरली आणि नदीपर्यंत माझे टाळ त्यानं वाजवले. त्याचं तोंड मी नीट पाहिलंही नाही. आज रस्त्यात समोर आला असता तरी ओळखलं नसतं. त्याची बोटं मात्र अजून मनगटावर जाणवतात.

राख सावडून मी अकोल्याकडे निघालो. समोरून रिकाम्या गाड्या येत होत्या. त्या गाडीवानांना तीन माळकरी आणि एक शेळी नक्की दिसली असणार. एकाला विचारलं असतं तरी कळलं असतं. मी एकालाही विचारलं नाही. कोण काय सांगेल याचं भय. पोर गेली असेल तर सासूला दोन्ही बातम्या एकदम सांगायच्या, आणि पोर असेल तर एक; चालता चालता मी हेच घोळवत होतो, जणू त्यात निवड माझ्या हातात होती.

सासुरवाडीच्या गल्लीत वळलो आणि पाय थबकले. अंगणातून गाणं येत होतं. बेसूर. इतकं बेसूर की शेजारच्या ओसरीवर बसलेला एक गृहस्थ कपाळाला हात लावून बसला होता. मृदंगी गात होता. तो गात होता म्हणजे कुणीतरी ऐकत होतं. मी तिथंच भिंतीला धरून उभा राहिलो आणि इतके दिवस न आलेलं रडू सगळं आलं.

सासू बाहेर आली. तिनं मला पाहिलं आणि मग माझ्या मागे, गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं.

"गाडी मांगं हाय का?" तिनं विचारलं.

ती पुन्हा मागे पाहत राहिली. त्यानंतर त्या घरात जे झालं ते लिहीत नाही. ते ज्याचं त्याला ठाऊक असतं.

मृदंगी निंबाखाली उभा होता, गळ्यात तेच उपरणं. त्यानं गाठीखाली हात घातला, उपरणं आपल्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातलं, आणि रुईत गुंडाळलेलं ते ऊन ऊन अंग माझ्या छातीला लागलं. हलत होतं. मग तो वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला. रीत अशी की मीही वाकायचं. पण दोन्ही हातांनी पोर छातीशी धरलेली. मला वाकता आलं नाही. मी तसाच उभा राहिलो आणि माझा लंगोटीयार माझ्या पायांवर डोकं ठेवून रडत होता.

वाटेत काय झालं ते मला गावी परतताना कळलं. मृदंगी सांगायचा आणि माळी मधून मधून "हो" म्हणायचा. पहिल्या दिवशी पोर बोळ्याचं दूध तोंडातून सांडून द्यायची. दुसऱ्या दिवशी तर तोंडच उघडेना. बोरगावच्या अलीकडे एका शेतात कापूस वेचणाऱ्या बायका होत्या. तिघं बांधाला उभे राहून बोळ्याशी झटापट करतायत हे पाहून त्यातली एक हसत आली. पाठीशी तिचं स्वतःचं मूल बांधलेलं. "बोळ्यानं दूध पाजून राह्यले? असं पेते का लेकरू? द्या मले," म्हणाली, आणि हात पुढे केले. मग तिलाच आठवलं असावं, तिनं हात मागे घेतले. ती गावकुसाबाहेरची होती. पोर त्या वेळी बुवांच्या गळ्यात होती. मृदंगी सांगायचा, त्यानं आणि माळ्यानं बुवांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोघांनीही मान खाली घातली. बुवांनी उपरणं जरा बाजूला करून पोरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मागतली. आता द्याच लागते." त्यांनी स्वतः उपरणं काढून तिच्या गळ्यात घातलं.

तिच्या अंगावर पोरीनं पहिल्यांदा तोंड लावून दूध ओढलं. ओढलं म्हणजे असं की ती बाई "आई गं" म्हणाली. पोर परत देताना बुवा तिच्या पायाशी वाकले. ती दचकून मागे सरली, "नका बाप्पा, पाप लागन मले," म्हणाली. बुवा वाकलेच. त्या बाईचं ना नाव विचारलं ना गाव. अर्धा दिवस ती शेत सोडून त्यांच्याबरोबर चालली, दोन पोरं घेऊन, आणि मग वेचणीला परत गेली. गावी आल्यावर बुवांचा तांब्या वेगळा तो वेगळाच राहिला. माणूस एका दिवसात बदलतो असं लिहिलं तर खोटं होईल. पण त्या दिवशी ते वाकले होते, हेही तितकंच खरं.

अकोल्यात पोचल्यावर तर आणखी गंमत. बायकोची भावजय पाजायची, पण पाजून झालं की हे तिघं पोर परत मागायचे. सासूनं पाळणा टांगला होता. बुवा म्हणाले, ज्यानं दिली त्याच्या गळ्यात जाईपर्यंत खाली ठेवायची नाही. सासूनं भांडून पाहिलं, ओरडून पाहिलं, शेवटी तिघांना भाकरी करून घालू लागली. मी पोचेपर्यंत ते अंगणात आळीपाळीनं उभे होते.

पोर भावजयीपाशी वाढली, मग माझ्याकडे आली. जगली, पण अंगानं फार वाढली नाही. तिचा गळा आईवर नाही, माझ्यावर नाही. कुणावर गेला ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. म्हातारीची शेळी माळ्यानं तिला नेऊन दिली. पुढे लढाई संपली, भाव उतरला, आगगाडी आली, आणि बैल गोठ्यात आणि टाळ हातात परत आले. मी दुसरं लग्न केलं नाही. त्यात थोरवी काही नाही, मन झालं नाही एवढंच. मृदंग्याचे उपकार बोलून दाखवायचा मी कितीदा तरी प्रयत्न केला. त्याचं उत्तर ठरलेलं. "आभार परक्याचे मानतेत. तू आपला ताल सांभाळ, काल दोनदा चुकला." मी टाळ उचलायचो. दुसरं काय करणार होतो? त्यांनी केलेलं फेडता येत नव्हतं, आणि ते मला फेडू देतही नव्हते.

बुवा आधी गेले. मृदंगी गेला त्याला आता काही वर्षं झाली. मुलीला अकोल्याला निरोप गेला होता. लग्न होऊन ती तिथंच नांदत होती, दोन मुलांची आई. ती सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून आली तेव्हा आम्ही निघण्याच्या बेतात होतो. आमच्याकडे बायका वेशीपर्यंत येतात आणि तिथून मागे फिरतात. बाकीच्या फिरल्या. ती फिरली नाही. ती पुढे गेली आणि वाट अडवून तिरडीसमोर उभी राहिली. पुढच्या खांद्याला माळी होता, आता तोही म्हातारा झालेला.

"काका," ती म्हणाली, "पहारा द्या."

टाळ थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईनं खांदा देल्ला का कधी? इचित्रच." सगळे माझ्याकडे पाहायला लागले, बाप म्हणून. मी दुसऱ्या बाजूचा बांबू धरून नुसता उभा होतो.

माळ्यानं तिच्याकडे पाहिलं.

"मागतला," तो म्हणाला, आणि बाजूला सरकला.

तिनं पदर खोचला आणि बांबू खांद्यावर घेतला. पण ती बुटकी. तिरडी तिच्या बाजूला कलली, आणि वरचा देह सरकतो की काय असं झालं. तेव्हा आम्ही बाकीच्या तिघांनी गुडघे वाकवले, तिच्या उंचीला आलो. अकोल्याच्या अंगणात मला वाकता आलं नव्हतं. त्या दिवशी पेढीपर्यंत मी वाकून चाललो.